ऊन वर येऊ द्या : चंद्रपूर-गडचिरोलीच्या तलावांकाठी सायकल

डिसेंबरातली सकाळ होती. नागभीडच्या पुढे एका टपरीवर चहा घेत उभा होतो. सव्वासहा वाजलेले, बांध्यांवर धुके, सायकल कडुनिंबाला टेकवलेली. पुढचे काही किलोमीटर जंगलातून जायचे होते. मी घाईने कप खाली ठेवला, तसा टपरीवाल्या काकांनी तो पुन्हा भरला. "थांबा जी. ऊन वर येऊ द्या, मंग जा." वाघाचे नाव त्यांनी घेतले नाही, घेण्याची गरजही नव्हती. हळूहळू रस्ता जागा झाला. दूधवाले आले, शाळेची मुले आली, पहिली एस.टी. गेली. साडेआठला मी निघालो.

पुण्या-नागपूरकडच्या सायकलस्वाराला पहाटे साडेचारला उठून दिवस उजाडेपर्यंत पन्नास किलोमीटर पार करायची सवय असते. चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांत ही सवय घरी ठेवून यावी लागते. इथला रस्ता संध्याकाळपासून सकाळपर्यंत जंगलाचा असतो, मधला उजेडाचा वेळ आपला. एवढे एक मान्य केले, की सायकलसाठी याच्याइतका देखणा आणि सोसवणारा मुलूख महाराष्ट्रात फार थोडा आहे.

जमीन अशी का आहे

वैनगंगेच्या दोन्ही बाजूंच्या या पट्ट्याला झाडीपट्टी म्हणतात. हा धानाचा प्रदेश आहे आणि धान तलावांवर उभे आहे. गोंड राजवटीत तलाव बांधणाऱ्याला त्याखालची जमीन कसायला मिळे, त्यामुळे गावोगाव तलाव झाले. पुढे ते मालगुजारांच्या ताब्यात गेले. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि सरकारदप्तरी त्यांचे नाव 'माजी मालगुजारी तलाव' झाले. लोकांनी त्याचे 'मामा तलाव' केले. पूर्व विदर्भात असे सहा हजारांहून अधिक तलाव आहेत. लहान असेल तर ती बोडी.

तलाव बांधायची रीत कळली की रस्ताही कळतो. उथळ खोलगट जागा बघून उताराच्या बाजूला मातीची पाळ घालायची, उरलेल्या बाजूंना पाणी आपसूक पसरते. पाळीखाली धानाच्या बांध्या. सांडव्यावरून गेलेले पाणी खालच्या तलावात. दोन खोलगटांच्या मधे बरड आणि झुडपी जंगल. म्हणून इथल्या रस्त्याला ठरलेली लय आहे : पाणी, बांध्या, लहानसा चढ, झाडी, लांब उतार, पुन्हा पाणी. चढ असा की दोन गिअर खाली आणावे लागतात, पण सायकलवरून उतरावे लागत नाही. घाट नाहीत. नवशिक्यालाही दिवसाला पन्नास-साठ किलोमीटर जमतात.

चालत्या सायकलवरून पाणी दिसण्याआधी पाळ दिसते. शेतांपलीकडे जमिनीची एक सरळ, उंच रेघ आणि तिच्यावर ओळीने मोठी झाडे दिसली की तलाव आहे समजा. गावालगतच्या तलावाशी थांबा, सायकल खाली लावा आणि पाळीवर चढा. समोर कमळाची पाने, त्यांवर लांब बोटे टाकत चालणारा कमळपक्षी, मधे ढिवराचा डोंगा. तो जाळे ओढतो तेव्हा आधी हात, मग खांदा, मग सगळा डोंगा एका बाजूला कलतो आणि पुन्हा सरळ होतो. पायाशी मोरीतून पाटाला लागलेले पाणी बारीक आवाज करत असते. पाच मिनिटे थांबायचे ठरवून अर्धा तास जातो. वेळापत्रकात तो आधीच धरून ठेवा.

केव्हा यावे

नोव्हेंबरचा मध्य ते फेब्रुवारीचा मध्य हा उत्तम काळ. तलाव भरलेले असतात, पाहुणी बदके उतरलेली असतात आणि दुपारीही सायकल चालवता येते.

नोव्हेंबरात धानाची कापणी-मळणी चालू असते. अनेक ठिकाणी धान डांबरी रस्त्याच्या कडेला वाळत घातलेले असते. त्यावरून सायकल नेऊ नका. ते कुणाचे तरी वर्षाचे अन्न आहे, शिवाय तणस साखळीत आणि मागच्या चाकात गुंतते.

मार्चच्या मध्यापासून बेत बदला. मोहफुले वेचायला माणसे पहाटे जंगलात असतात, त्याच फुलांसाठी अस्वलेही येतात. मे महिन्यात तेंदूपानांचा हंगाम असतो आणि चंद्रपूर-ब्रह्मपुरीत पारा ४६-४७ अंशांपर्यंत जातो. त्या उन्हात इथे सायकल चालवणे जिवावर बेतू शकते. पावसाळ्यात वैनगंगा आणि तिचे नाले कमी उंचीच्या पुलांवरून वाहतात. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस गोसीखुर्द धरणातून सोडलेल्या पाण्याने नदीकाठची गावे बुडाली होती. पुलावर पाणी दिसले की वळून परत या, ते गुडघाभर असले तरी.

दिवसाचे घड्याळ

जंगलातून जाणाऱ्या टप्प्यात सकाळी साडेआठच्या आधी आणि दुपारी चारनंतर सायकल नको. सुरुवातीचा आणि शेवटचा टप्पा गावांच्या, बांध्यांच्या बाजूने ठेवा आणि झाडीचा टप्पा मधल्या उजेडात घ्या. हिवाळ्यात साडेपाचनंतर भराभर अंधारते. मुक्कामाचे ठिकाण चारपर्यंत गाठायचे म्हटले की साडेसात तास हाती येतात. ताशी पंधरा किलोमीटरने निम्मा वेळ चालवले तरी पन्नासच्या वर अंतर होते, उरलेला वेळ चहा, जेवण आणि पाळीवर बसण्यासाठी. दिवसाला साठहून अधिक किलोमीटर आखू नका. एक पंक्चर, एक लांबलेला चहा, आणि शेवटचे दहा किलोमीटर संधिप्रकाशात येतात. नेमके तेच टाळायचे आहे.

सायकल आणि सोबतचे सामान

मुख्य रस्ते बहुतेक चांगले आहेत, पण कडा तुटक आणि काँक्रीटच्या रस्त्यांना कडेला खोल पायरी आहे. पंचवीस मिलिमीटरचा बारीक टायर इथे त्रास देतो. रोड सायकलला निदान २८ किंवा ३२ चे टायर घाला, हायब्रीड असेल तर उत्तम. मोठ्या गावांबाहेर आधुनिक गिअरचे सुटे भाग मिळणार नाहीत हे धरून चाला. दोन जादा ट्यूब, पॅच, पंप, टायर काढायचे लिव्हर, साखळीची जोडकडी आणि षट्कोनी पाने सोबत हवीत. बाभळीचा काटा हा इथला खरा शत्रू आहे. ट्यूब बदलण्याआधी टायरच्या आतून बोट फिरवून काटा काढा, नाहीतर नवी ट्यूबही दहा मिनिटांत बसते.

हेल्मेट, मागचा लाल दिवा आणि घंटी हवीच. पाणी अडीच-तीन लिटर. गडद कपड्यांऐवजी दुरून दिसणारे रंग घाला. गडचिरोलीत मलेरियाचे प्रमाण राज्यात सर्वाधिक असते, म्हणून संध्याकाळी पूर्ण बाह्यांचे कपडे, डासांचे मलम आणि मुक्कामाला मच्छरदाणी. परतल्यावर दोन-तीन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना कुठे जाऊन आलात ते सांगा. जंगलात मोबाइलची रेंज जाते, नकाशा आधीच उतरवून घ्या. ११२ हा आपत्कालीन, १०८ रुग्णवाहिकेचा आणि १९२६ वन विभागाचा क्रमांक जवळ ठेवा.

मार्ग पहिला : हात बसवण्यासाठी

पहिला दिवस शहरातच काढा. चंद्रपूरच्या गोंडकालीन परकोटाचा घेर सुमारे ११ किलोमीटर आहे. जटपुरा, बिनबा, पठाणपुरा आणि अंचलेश्वर हे चार दरवाजे जोडत एक फेरी घाला आणि वाटेत अंचलेश्वराचे देऊळ, गोंड राजांच्या समाध्या व रामाळा तलाव पाहा. या किल्ल्याच्या भिंतींवरची झाडे-झुडपे 'इको-प्रो' संस्थेच्या कार्यकर्त्यांनी २०१७ पासून शेकडो दिवस श्रमदान करून काढली. दरवाजांच्या कमानी अरुंद आणि वाहतूक दाट, म्हणून ही फेरी रविवारी सकाळी सोपी जाते. शहराच्या आत असल्याने ती लवकरही सुरू करता येते.

असाच दुसरा सोपा दिवस भद्रावतीचा. भांदक स्टेशनावर उतरून विजासनची बौद्ध लेणी, जैन मंदिर, भद्रनाग मंदिर आणि जुन्या दगडी पुलाचा तलाव असा गावाभोवतीचा फेरा होतो. चंद्रपूर ते भद्रावती मात्र सायकलने जाऊ नका, त्या महामार्गावर कोळशाचे ट्रक असतात.

मार्ग दुसरा : नागभीड, घोडाझरी, सिंदेवाही

या मुलखातला माझा आवडता रस्ता हाच. गोंदिया-नागभीड-बल्लारशा रेल्वेमार्ग रस्त्याला बराच समांतर जातो. वडसा, ब्रह्मपुरी, नागभीड, तळोधी रोड, सिंदेवाही, मूल मारोडा, चांदा फोर्ट अशी स्टेशने लागतात. म्हणजे एका स्टेशनावर उतरायचे, दुसऱ्यावरून परतायचे, आल्या वाटेने मागे फिरायला नको. गाड्या थोड्या आहेत. सायकल सामानाच्या डब्यात घेतील का आणि पावती कशी करायची, हे आदल्या दिवशी स्टेशनावर विचारून घ्या.

नागभीडहून तळोधीकडे निघालात की घोडाझरीचा फाटा लागतो. टेकड्यांच्या मधे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रिटिश काळात अडवलेला हा मोठा तलाव. मामा तलाव सपाट आणि मोकळा असतो, घोडाझरी डोंगरांनी वेढलेला. परिसराला २०१८ मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला आहे. फाट्यापासून आतला रस्ता झाडीतला आहे, तो दहा ते तीनमध्येच घ्या. सुटीच्या दिवशी सहलीच्या गाड्या असतात. तलाव निवांत पाहायचा असेल तर आठवड्यातला मधला वार निवडा.

तळोधीपासून सिंदेवाहीपर्यंत पुन्हा बांध्या, बोड्या, गावे. नागभीड ते सिंदेवाही सरळ अंतर तीसेक किलोमीटर आहे, घोडाझरी धरून दिवस पुरेसा भरतो. याच नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे. १९८३ मध्ये आपल्या शेतात वेगळ्या दिसणाऱ्या धानाच्या लोंब्या त्यांनी बाजूला काढल्या, वर्षानुवर्षे निवडून वाढवल्या आणि त्यातून एच.एम.टी. हे वाण उभे राहिले. जमीन दीड एकर आणि शाळा थोडीच. २००५ मध्ये राष्ट्रपती अब्दुल कलामांच्या हस्ते त्यांचा गौरव झाला, २०१८ मध्ये ते गेले. सिंदेवाहीला जेवताना ताटातला बारीक, मऊ भात एच.एम.टी.चा असेल तर तो इथल्याच बांधीतून निघाला हे आठवा.

मार्ग तिसरा : मूल, सावली, असोलामेंढा

मूलहून सावली साधारण पंधरा किलोमीटर. तिथून पाथरीकडे वळले की असोलामेंढा. हाही ब्रिटिश काळातला तलाव, सावली तालुक्यातल्या धानाचा आधार. गोसीखुर्दच्या उजव्या कालव्याचे पाणी आता यात आणले जाते. इथले कालवे पाहण्यासारखे आहेत. लोक त्यांना नहर म्हणतात. नहरीच्या कडेची वाट सायकलला मोहात पाडते, पण सैल माती आणि उंच गवत असेल तिथे डांबरी रस्ता सोडू नका. सावली, सिंदेवाही, मूल आणि ब्रह्मपुरी या भागांत गेल्या काही वर्षांत वाघांच्या हल्ल्यांत अनेक माणसे गेली आहेत, आणि त्यांतली बरीचशी सरपण, मोहफुले वा गुरांसाठी जंगलात शिरलेली होती. हा दिवस पूर्ण द्या, दोघांपेक्षा कमी माणसांनी जाऊ नका.

मार्ग चौथा : वैनगंगा दोनदा ओलांडून

ब्रह्मपुरी, वडसा, आरमोरी आणि पुन्हा ब्रह्मपुरी हा पन्नास-साठ किलोमीटरचा त्रिकोण जवळपास सपाट आहे. वैनगंगा दोनदा ओलांडावी लागते, आणि हिवाळ्यातले तिचे रुंद, वाळूचे पात्र पुलावरून पाहणे हेच या फेरीचे फळ. वडसा म्हणजे देसाईगंज, झाडीपट्टी रंगभूमीचे केंद्र. दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते, शंकरपट होतात आणि रात्रभर नाटके चालतात. ज्या गावात आदल्या रात्री नाटक झाले, तिथल्या रस्त्यावर सकाळी झोपाळलेले दुचाकीस्वार असतात. त्यांना जागा द्या. उलट तुमचा मुक्काम वडशात असेल तर तिकीट काढून नाटक पाहा आणि दुसरा दिवस विश्रांतीचा ठेवा.

वडसा-आरमोरी रस्त्याला झाडी आहे, तिथेही घड्याळाचा नियम पाळा. वेळ असेल तर आरमोरी तालुक्यातल्या वैरागडला एक वेगळा दिवस द्या. गोंडकालीन किल्ला आणि भंडारेश्वराचे देऊळ आहे. इथल्या हिऱ्यांच्या खाणींचा उल्लेख अकबराच्या काळातल्या 'ऐन-ए-अकबरी'त येतो.

गडचिरोली गावातून चामोर्शीमार्गे मार्कंड्याला जाणे हा या मार्गाचा पुढचा भाग. चामोर्शीपर्यंत तीसेक किलोमीटर, पुढे मार्कंडा जवळच. वैनगंगेच्या काठी कोरीव देवळांचा समूह आहे आणि इथे नदी उत्तरवाहिनी होते. महाशिवरात्रीच्या जत्रेत रस्ता माणसांनी भरतो, ते दिवस सायकलसाठी सोडा.

कुठे जाऊ नये

ताडोबाच्या गाभा क्षेत्रात सायकल नेता येत नाही, ताडोबा तलाव पाहायचा तर सफारीची जिप्सी घ्या. चंद्रपूर-मोहर्ली रस्ता आधी पद्मापूरच्या कोळशाच्या ट्रकांचा आणि मग वाघांचा आहे, तोही चारचाकीनेच. चंद्रपूर-मूल रस्ता नकाशावर मोहक दिसतो, पण तो व्याघ्र भ्रमणमार्गातून जातो आणि अवजड वाहतूक मोठी आहे. मूलला रेल्वेने या. शहराजवळचा जुनोना तलाव सुंदर आहे, पण बफर क्षेत्रात आहे. जायचेच तर भर दुपारी, गटाने, आणि तलावाकाठच्या झुडपात न शिरता. आष्टी-आलापल्ली-एटापल्ली बाजूला सुरजागडच्या लोहखनिजाचे ट्रक सतत चालतात. आलापल्लीचे सागवान, कमलापूरचे हत्ती, हेमलकसा ही ठिकाणे एस.टी.ने किंवा गाडीने पाहा. पूर्व आणि दक्षिण गडचिरोलीच्या आतल्या रस्त्यांवर जाण्याआधी स्थानिक पोलिस ठाण्यात विचारा, ओळखपत्र जवळ ठेवा. २०२१ पासून छत्तीसगडकडून आलेला रानटी हत्तींचा कळपही कुरखेडा, धानोरा, वडसा भागांत फिरतो. तो आज कुठे आहे हे वनरक्षकाला आणि गावकऱ्यांना ठाऊक असते.

प्राणी समोर आला तर

झाडीच्या टप्प्यात गटाने, एकमेकांच्या नजरेत राहून चला आणि मोठ्याने बोलत राहा. कानात इअरफोन नको. लघवीला झुडपाआड जाऊन बसू नका, फोटोसाठी रस्त्याकडेला वाकू नका. बसलेला, वाकलेला माणूस वाघाला चार पायांच्या जनावरासारखा दिसू शकतो. पंक्चर झाले तर जंगलात बसून काढत राहू नका. पायी ढकलत मोकळ्यावर या किंवा येणाऱ्या वाहनाला हात करा, इथे वाहने थांबतात.

वाघ दिसलाच तर दुरूनच थांबा. पाठ फिरवून पळू नका, जोरात पेडल मारून बाजूने निसटायचा प्रयत्न नको. सगळे एकत्र या, सायकली पुढे आडव्या धरा, उभे राहा, खड्या आवाजात बोला आणि तोंड त्याच्याकडे ठेवून हळूहळू मागे सरका. तो गेल्यावरही लगेच पुढे जाऊ नका. मोठे वाहन येईपर्यंत थांबा आणि त्याच्या सोबतीने तो टप्पा पार करा. अस्वलाला आणि रानडुकरालाही लांबूनच वाट द्या.

माणसे

या रस्त्यांचा सगळ्यात भरवशाचा नकाशा टपऱ्यांवर असतो. आलुबोंडा आणि चहा घेताना तीन गोष्टी विचारा : पुढे झाडी किती, या आठवड्यात 'जनावर' दिसले का, आणि रस्ता केव्हा मोकळा असतो. उत्तर देणारा त्या रस्त्यावर रोज सायकलने जातो, बहुधा बिनगिअरच्या, कॅरिअरवर ओझे घेऊन. त्याने जाऊ नका म्हटले तर जाऊ नका. आपण हौसेने आलो आहोत, तो रोजीसाठी जातो. त्याच्या सावधपणामागे शेजारपाजारची मेलेली माणसे आहेत. वाघ पाहायला मिळेल का, हा प्रश्न त्याला विचारू नका.

तलावावर मासेमारीचा हक्क बहुधा तिथल्या मच्छीमार सहकारी संस्थेचा असतो. पाण्यात उतरण्याआधी विचारा, जाळी ओलांडू नका, पाण्यात साबण किंवा साखळीचे तेल जाऊ देऊ नका.

त्या सकाळी निघताना मी काकांना दोन चहांचे पैसे दिले. एकाचे त्यांनी परत केले. "दुसरा तुम्ही कुठं मांगला होता?" असे म्हणून ते पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळले. तासाभराने झाडीचा टप्पा उन्हात, मागेपुढे माणसे असताना पार पडला आणि उतारावर पहिली पाळ दिसली. तुम्हीही निघाल तेव्हा दुसऱ्या कपाचा वेळ हाताशी ठेवा.